घाफचं पान आणि निळा रंग

साशंक : पुन्हा एक शोधनिबंध हाती आला. वाळवंटातलं झाड, त्याची पानं, मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क आणि शेवटी तो आकडा: एक ग्रॅम वाळलेल्या पानात, गॅलिक आम्लाच्या हिशेबानं, इतके मिलीग्रॅम फिनॉलिक पदार्थ. खाली ठरलेला निष्कर्ष, की ही वनस्पती अँटिऑक्सिडंटनी समृद्ध असून औषधनिर्मितीत तिला मोठा वाव आहे. झाडाचं नाव बदला, देश बदला, निष्कर्षाला धक्का लागत नाही. असे निबंध इतके वाचलेत की पहिला परिच्छेद वाचून शेवटचा सांगता येतो. मला एवढंच विचारायचंय, अमिरातीतल्या घाफच्या पानात फिनॉल आहेत हे समजल्यानं आपल्याला नेमकं काय समजलं? हिरव्या पानात फिनॉल सापडले नसते तर ती बातमी झाली असती.

उत्साही : तुम्ही सुरुवातच निष्कर्षापासून केलीत, म्हणून चिडलात. झाडापासून सुरुवात करा. घाफ म्हणजे आपली शमी, प्रोसोपिस सिनेरारिया. राजस्थानात तीच खेजडी, तेलंगणात जम्मी. अमिरातीनं २००८ साली तिला राष्ट्रीय वृक्ष ठरवलं आणि २०१९ हे सहिष्णुतेचं वर्ष म्हणून पाळलं तेव्हा तिचंच चित्र बोधचिन्ह म्हणून घेतलं. दुबईहून अल ऐनला जाताना वाळूच्या टेकड्यांवर एकेकटी उभी दिसतात ती ही झाडं. गाडीत बसलेला मराठी माणूस गणपतीला पत्री मिळावी म्हणून बर दुबईतली दुकानं पालथी घालतो, आणि बाहेर पत्रीतलीच शमी उभी आहे हे त्याच्या गावीही नसतं. आता विचार करा, या झाडाच्या मुळ्या तीस मीटरहून खोल जातात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, जमीन खारट, आणि आसपासचं सगळं करपलेलं असताना याला नवी पालवी फुटते. झाडाला पळून जाता येत नाही, सावलीत बसता येत नाही. अतिनील किरण, खार, कीड, जनावराचं तोंड, या सगळ्याला त्याला रसायनानंच उत्तर द्यावं लागतं. फिनॉलिक संयुगं हे त्या उत्तरातलं मोठं प्रकरण आहे. ते वाचायची इच्छा होणं यात चूक काय?

साशंक : इच्छेला माझी हरकत नाही. शमी म्हटल्यावर पांडवांची शस्त्रं आठवून आपण हळवे होतो, तेही समजण्यासारखं आहे. पण वाचन कशानं करता ते बघा. परीक्षानळीत अर्काचे काही थेंब घ्यायचे. त्यात फोलिन-चिओकाल्टोचं पिवळं रसायन टाकायचं, मग सोडियम कार्बोनेटचं द्रावण. नळी अंधारात ठेवून द्यायची. तासा-दोन तासांत पिवळ्याचं निळं होतं. ७६५ नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला गेला ते यंत्रावर वाचायचं, गॅलिक आम्लाच्या प्रमाण आलेखावर बसवायचं, झाला आकडा. आता ही निळाई कशाची? त्या रसायनातल्या मॉलिब्डेनम-टंगस्टनच्या संयुगाला इलेक्ट्रॉन देणारं जे काही भेटेल त्याची. फोलिन आणि चिओकाल्टो यांनी १९२७ मध्ये हे रसायन सिद्ध केलं ते प्रथिनांतलं टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन मोजायला. १९६५ मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी ते वाइनमधल्या फिनॉलसाठी बसवलं, आणि तिथून ते साऱ्या जगाच्या पानाफुलांवर पसरलं. घाफच्या अर्काऐवजी क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून टाका, नळी निळी होईल. त्या गोळीत पानाचा अंशही नाही. काही साखरा, काही प्रथिनंही थोडीफार तेच करतात. देवळाच्या दानपेटीतली नाणी मोजायची सोडून सगळी एकदम तराजूत टाकावीत, तसा हा प्रकार. वजन खरं असतं, पण त्यात रुपये किती, दहाची नाणी किती आणि कुणीतरी टाकलेले वॉशर किती, ते कळत नाही.

उत्साही : मान्य. उलट मी त्यात भर घालतो. गॅलिक आम्लाच्या हिशेबानं म्हणजे पानात तेवढं गॅलिक आम्ल आहे असं समजणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांत पदवीधरही होते. पण ही चाचणी म्हणजे वेशीवरचा चौकीदार आहे. त्याच्या पुढे गाव आहे. तोच अर्क एचपीएलसी या संयुगं वेगळी करणाऱ्या यंत्रावर चढवा. स्तंभातून जाताना एकेक संयुग आपापल्या वेळेला बाहेर पडतं, कागदावर शिखरं उमटतात. गॅलिक आम्लासारखी मंडळी २८० नॅनोमीटरला दिसतात, क्वेर्सेटिन-रुटिनच्या घराण्यातली ३६०च्या आसपास. पुढे वस्तुमानमापक जोडलात तर रेणूचं वजन आणि तो मोडल्यावर होणारे तुकडेही हाती येतात. आपल्याकडच्या रसायनज्ञांनी या झाडाच्या फुला-बियांतून प्रोसोजेरिन नावाचे फ्लॅव्होन (हेही फिनॉलच) वेगळे काढले ते सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला. फ्लॅव्होन प्रयोगशाळेत बनवण्याच्या एका प्रक्रियेला जगभर बेकर-वेंकटरामन असंच नाव आहे, आणि ते वेंकटरामन पुढे माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. तेव्हा या विषयाला निळ्या नळीच्या मापानं मोजू नका.

आणि ओळख पटवण्याचं काम? अमिरातीत घाफच्या शेजारी त्याचा परदेशी चुलत भाऊ माजलाय, आपण ज्याला वेडी बाभूळ म्हणतो तो. स्थानिक लोक त्याला घुवैफ म्हणतात. २०२२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला प्रोसोपिस वंशातून काढून नेल्टुमा वंशात टाकलं, इतका तो वेगळा निघाला. त्याच्या पानांत आणि शेंगांत ज्युलिप्रोसोपिनसारखे अल्कलॉइड असतात, शेंगा फार खाल्ल्या तर गुरांच्या मज्जासंस्थेला अपाय होतो. वाळवून भुकटी केल्यावर दोन्ही पानं डोळ्यांना सारखीच. पुडीत घाफ आहे की वेडी बाभूळ हे सांगणारा त्या शिखरांच्या नकाशाइतका भरवशाचा दुसरा साक्षीदार मला तरी माहीत नाही.

साशंक : ओळखीसाठी विश्लेषण हवं, हे मी लिहून देतो. भेसळ पकडायला ते फार कामाचं आहे. पण निबंधात ओळख हा मुद्दा एका ओळीत उरकलेला असतो आणि बाकी सगळं औषधाबद्दल. शिवाय यंत्राचीही मर्यादा आहे. तुमच्या कपाटात ज्या पंधरा-वीस संयुगांच्या बाटल्या आहेत, तेवढीच शिखरं तुम्ही खात्रीनं ओळखता. उरलेल्यांपुढे ‘बहुधा’ लिहिता.

आणि पान कुठलं? घाफच्या झाडाखाली उभं राहून पाहिलंय का? खालची कड कात्रीनं छाटल्यासारखी सरळ असते, कारण उंटाची मान पोचते तिथवर सगळं खाल्लेलं असतं. त्या कडेवरचं पान घेतलंत की वरचं? जनावरानं ओरबाडलं की काही झाडं टॅनिन, म्हणजे तुरट चवीचे फिनॉल, वाढवतात. उन्हातलं पान आणि आतल्या सावलीतलं पान यांत फरक असतो. मार्च-एप्रिलची कोवळी पालवी आणि ऑगस्टचं जून पान यांत तर असतोच. पानावर वाळूची पूड बसलेली असते. धुवावं तर काही फिनॉल पाण्याबरोबर जातात, न धुवावं तर मातीचं वजन पानाच्या वजनात धरलं जातं. मग वाळवायचं. हळूहळू सुकणाऱ्या पानात त्याचीच विकरं फिनॉलचा फडशा पाडत असतात. म्हणजे आठ दिवस सावलीत वाळवलेलं पान आणि तोडल्या तोडल्या गोठवून सुकवलेलं पान, ही रसायनाच्या दृष्टीनं दोन वेगळी पानं झाली. त्यातून तुम्ही आकडा काढता तो दशांशानंतर दोन घरांपर्यंत! आणि द्रावक मिथेनॉल. बदाऊंच्या कुठल्या आजीनं मिथेनॉलमध्ये काढा केला होता?

उत्साही : बदाऊंच्या नव्हे, बदूंच्या, म्हणजे अरबी वाळवंटातल्या भटक्यांच्या.

साशंक : बदूंच्या. पण मुद्द्याचं बोला.

उत्साही : मुद्दा असा, की पान बदलतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? विश्लेषणानंच ना? ऋतू, उन्हाची बाजू, वाळवण्याची रीत, यांनी पानातलं रसायन बदलतं हे हजारो कंटाळवाण्या निबंधांतून जमलेलं ज्ञान आहे. आपल्या ग्रंथांत कुठली मुळी कुठल्या ऋतूत खणावी याची बंधनं आहेत. त्यांमागे निरीक्षण होतं, मोजमाप नव्हतं. आज मोजता येतं. चहाचं उदाहरण घ्या. हिरव्या चहाच्या पानांतले कॅटेचिन हे फिनॉलच. त्यांचा ठरावीक प्रमाणातला अर्क अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००६ मध्ये एका प्रकारच्या चामखिळींवरचं मलम म्हणून मंजूर केला. वनस्पतीचा मिश्र अर्क डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध म्हणून तिथं पहिल्यांदा मान्य झाला तो हा. आधी पानं मोजली गेली, म्हणून प्रत्येक खेपेला तोच अर्क बनवता आला, म्हणून चाचणी करता आली. क्रम लक्षात घ्या. मोजमाप नसेल तर चाचणीत तुम्ही काय दिलं हेच सांगता येणार नाही.

साशंक : तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ते मलम आहे, बाहेरून लावायचं. पोटात घ्यायच्या फिनॉलची कथा निराळी. डीपीपीएच नावाची दुसरी लाडकी चाचणी बघा. १९५८ पासून चालत आलेली. जांभळं द्रावण, अर्क टाकला की पिवळं पडतं, ५१७ नॅनोमीटरला जांभळेपणा किती उतरला ते मोजायचं, आणि म्हणायचं की पान मुक्त मूलकांचा नाश करतं. तो जांभळा रेणू माणसाच्या शरीरात कुठंही नसतो. ज्याचा नाश केला तो शत्रू बाटलीतूनच आणलेला. अमेरिकेच्या कृषी खात्यानं खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची मोठी यादी संकेतस्थळावर ठेवली होती. २०१२ मध्ये त्यांनी ती काढून टाकली. परीक्षानळीतल्या या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येत नाही आणि कंपन्या त्यांचा जाहिरातीत गैरवापर करतात, असं कारण त्यांनीच दिलं. क्वेर्सेटिन पोटात गेलं की आतडं आणि यकृत त्याला लगेच साखरेच्या आम्लाचं नाहीतर गंधकाचं शेपूट लावतात. रक्तात पोचतो तो बदललेला रेणू, आणि तोही नळीतल्या मात्रेच्या फार थोड्या अंशानं. हळदीचंच बघा. कर्क्युमिनवर शंभराहून जास्त मानवी चाचण्या झाल्या. २०१७ मध्ये औषध-रसायनज्ञांनी सगळ्याचा आढावा घेतला तेव्हा दुहेरी आंधळ्या चाचणीत निर्विवाद टिकलेलं एकही यश त्यांना सापडलं नाही. हळदीसारख्या सम्राज्ञीची ही गत, तर घाफच्या पानाचं काय घेऊन बसलात?

(इथं लेखकाला मधे तोंड घालावंसं वाटतं. हळदीच्या जखमेवरच्या वापराचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं आणि १९९७ मध्ये रद्द झालं, ते डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक असताना. त्या लढाईत उपयोगी पडले ते जुने ग्रंथ आणि छापील दाखले. पण पेटंट रद्द झालं म्हणजे हळद गुणकारी ठरली, असं आपल्याकडे बहुतेकांनी परस्पर ठरवून टाकलं. हक्काचा निकाल वेगळा, गुणाचा वेगळा.)

उत्साही : रक्तात पोचलं नाही तर काम झालं नाही, हे तुम्ही कुठून आणलंत? घाफच्या पानाबद्दल आणि सालीबद्दल लोकपरंपरेत जे दावे आहेत त्यांत मधुमेह आहे, अतिसार आहे. दोन्ही ठिकाणी रणांगण आतडं आहे. पिष्टाचं साखरेत रूपांतर करणारं अल्फा-ग्लुकोसिडेज हे विकर आतड्याच्या भिंतीवरच बसलेलं असतं. त्याला अडवणारं अकार्बोज हे औषध मधुमेहावर दिलं जातं आणि ते फारसं रक्तात शिरतच नाही. पानांचे अर्क हेच विकर अडवतात असं प्रयोगशाळेत वारंवार दिसतं. शिवाय २०१२ मध्ये क्रोफेलेमर नावाचं औषध अमेरिकेत मंजूर झालं. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाल चिकातलं. एचआयव्हीवरची औषधं घेणाऱ्यांना होणाऱ्या जुलाबांवर ते देतात. त्यातले रेणू टॅनिनच्याच कुळातले, आतड्यात काम करतात, रक्तात जवळजवळ जात नाहीत. तुमचा सगळा युक्तिवाद रक्ताच्या दाराशी उभा आहे, आणि हे रेणू त्या दारातून जातच नाहीत.

साशंक : चांगला टोला मारलात. आता मी तुमच्याच आतड्यात शिरतो. टॅनिन प्रथिनाला चिकटतं. कातडं कमावतात ते त्याच गुणावर. अल्फा-ग्लुकोसिडेज हे प्रथिन आहे. नळीत विकर ठेवलं, वर टॅनिननं भरलेला अर्क ओतला, विकर बंद पडलं. पडणारच. त्या जागी दुसरं कुठलंही विकर असतं तरी बंद पडलं असतं. अकार्बोज विकराच्या नेमक्या खोबणीत बसतं. टॅनिन सगळ्यांच्या गळ्यात पडतं. औषध शोधणाऱ्यांच्या भाषेत हा खोटा होकार.

आणि याचा पुरावा माणसांत शोधायला नको, शेळ्यांत आहे. राजस्थानात खेजडीची वाळलेली पानं, त्याला लूंग म्हणतात, चारा म्हणून घालतात. त्यातल्या टॅनिनमुळे जनावराला प्रथिनं नीट पचत नाहीत. अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेतल्या लोकांनी खेजडी चरणाऱ्या करडांना पॉलिइथिलीन ग्लायकॉल देऊन पाहिलं. ते टॅनिनला आधीच धरून ठेवतं, प्रथिन मोकळं राहतं, करडं जास्त चांगली वाढतात. म्हणजे त्याच पानातला तोच पदार्थ अबू धाबीच्या निबंधात आरोग्यदायी आणि राजस्थानच्या गोठ्यात पोषणाचा शत्रू. पान तेच. आपण त्याच्याकडे काय मागायला गेलो त्यावर नाव ठरलं. झाडानं तर ते आपल्यासाठी केलेलंच नाही. उंटाला आवडू नये म्हणून केलंय, आणि तेही उंट फारसं मनावर घेत नाही.

उत्साही : शेळ्यांचं हे मला माहीत होतं. पण तुम्ही नकळत मला प्रयोग देऊन गेलात. प्रत्येक बऱ्या प्रयोगशाळेत पीव्हीपीपी नावाची पांढरी भुकटी असते. अर्कात ढवळली की टॅनिन तिला चिकटून तळाशी बसतं, वरचं द्रावण घ्यायचं. आता हे द्रावण विकरावर टाका. विकर अजूनही अडत असेल तर अर्कात टॅनिनखेरीज नेमकं काम करणारं काहीतरी आहे, त्याच्या मागे लागा. अडत नसेल तर सगळा पराक्रम टॅनिनचा होता. एका दुपारचं काम. निबंधात हा एक तक्ता असला तर तुमची तक्रार बरीचशी मिटेल?

साशंक : अर्धी मिटेल. हा तक्ता मी बऱ्याच निबंधांत शोधतो आणि तो नसतो. तो असता तर निम्म्या निबंधांचा निष्कर्ष बदलावा लागला असता, म्हणूनच नसतो असं मला वाटतं. बरं, समजा केला. टॅनिन काढल्यावर अर्क थंड पडला. मग तुम्ही जाहीर कराल का, की या पानात मधुमेहावर काही नाही?

उत्साही : नाही. आणि इथं आपलं खरं भांडण आहे. तुम्ही म्हणाल, सगळ्यांना चिकटणारं ते औषध नव्हे. मी विचारीन, पाला उकळून जुलाबावर देणाऱ्या बाईला नेमकेपणा कुठं हवा होता? तिला तुरटपणा हवा होता. आपल्याकडे कषाय रस म्हणतात तो. जिभेवर ओढ बसते ती टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून. तीच ओढ आतड्यात बसवायची, एवढाच त्या उपचाराचा हेतू. जे तुमच्या चाळणीत खोटा होकार म्हणून फेकलं जातं तोच या घरगुती औषधाचा गुण असू शकतो. कारखान्यातल्या औषधाची अट एक रेणू, एक निशाणा. त्या अटीवर पानाला नापास करायचं, आणि वर म्हणायचं परंपरेत काही नव्हतं, हा न्याय नाही.

साशंक : पण मग तुम्हीही प्रामाणिक राहा. परंपरेनं तुरटपणा सांगितला, तर तुरटपणा सिद्ध करा. अँटिऑक्सिडंट, कर्करोगविरोधी, मधुमेहनाशक अशी माळ कशाला? शमीच्याच बाबतीत परंपरा किती काटेकोर आहे बघा. शमीचं फळ केस घालवतं असं चरकात सांगितलंय. म्हणजे फळ वेगळं, साल वेगळी, पान वेगळं, हा भेद जुन्यांनी केला होता. आजच्या पुडीवर नुसतं ‘घाफ’ असतं. आणखी एक. आपल्याकडची परंपरा निदान ग्रंथांत आहे. इथली बदूंची बरीचशी तोंडी आहे, आणि ज्यांच्या तोंडी आहे त्या बायका म्हाताऱ्या झाल्यात. मारिके योंगब्लूड यांनी २००३ मध्ये अमिरातीतल्या रानफुलांचं मोठं पुस्तक केलं, झायेद यांच्या नावाचं वनौषधी केंद्र अबू धाबीत उभं राहिलं, १९७६ पासूनचं विद्यापीठ अल ऐनला आहे. यंत्रांची त्यांच्याकडे ददात नाही. मला हवंय ते असं, की पान मिथेनॉलमध्ये टाकण्याआधी कुणीतरी लिवाच्या नाहीतर अल ऐनच्या वस्तीवर जाऊन विचारावं: पाला कधी तोडायचा, ओला की सुका, पाण्यात की उंटिणीच्या दुधात, किती, कुणाला आणि कुणाला नाही. ते टिपून ठेवलं नाही तर तुम्ही मोजताय ते औषध नव्हेच, नुसतं पान.

उत्साही : पाण्यातला काढा आणि मिथेनॉलचा अर्क शेजारी शेजारी ठेवून मोजावेत, हे मला पटलं. दोन्हींचे नकाशे वेगळे निघाले तर मिथेनॉलच्या आकड्यावर औषधाचा दावा उभा करता येणार नाही, हेही मानतो. पण पुढचा प्रश्न तुम्ही टाळताय. समजा हे सगळं केलं. आजीला विचारलं, काढा केला, टॅनिन काढून आणि ठेवून दोन्ही रीतींनी पाहिलं, आणि वाटलं की जुलाबावर काहीतरी आहे. मग माणसांवरच्या चाचणीचे पैसे कोण देणार? पेटंट मिळणार नाही, वापर जुना आहे. झाडाला कायद्याचं संरक्षण आहे, राष्ट्रीय वृक्षाचा पाला गाड्या भरभरून कुणी ओरबाडू देणार नाही आणि देऊही नये. कंपनीला रस नाही. संशोधकापाशी उरते ती निळी नळी, कारण ती स्वस्त आहे आणि तिच्यावर निबंध छापून येतो. तुम्ही ज्याला आळस म्हणता त्यातलं बरंचसं गरिबी आहे.

साशंक : गरिबी असेल तर निष्कर्षही गरिबाचा असावा. आठ ओळींचा आकडा आणि आठशे ओळींची आशा, हे मला खटकतं. त्या आशेचं पुढे काय होतं ते आखातात रोज दिसतं. इथं मधुमेह घराघरांत आहे. कुठल्याशा दुकानात हिरव्या चूर्णाची बाटली असते, लेबलवर ‘संशोधनानं सिद्ध’ असतं, आणि ते संशोधन म्हणजे आपली पिवळ्याची निळी झालेली नळी. लेबल लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं, पण त्याला ते वाक्य निबंधातल्या शेवटच्या परिच्छेदानं पुरवलं. तो परिच्छेद लिहिणाऱ्याचे हात स्वच्छ आहेत असं मी म्हणणार नाही.

उत्साही : आणि तो परिच्छेद नको म्हणून मोजायचंच बंद केलं, तर बाटलीत घाफ आहे की वेडी बाभूळ हेही कुणी सांगू शकणार नाही. चूर्ण तर विकलं जाणारच आहे. बरं, ते जाऊ द्या. ती बाटली घेऊन उभा असलेला आपलाच कुणी माणूस तुम्हाला विचारायला आला, घेऊ का, तर काय सांगाल?

साशंक : मधुमेहाची गोळी बंद करू नका, आणि चूर्ण घेतच असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. घरात कुणाला लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आणि हे चूर्ण एका वेळी देऊ नका, मधे काही तासांचं अंतर ठेवा. टॅनिन लोहाला धरून ठेवतं. चहाच्या बाबतीतही डॉक्टर हेच सांगतात, आणि एवढं सांगायला नवा निबंध लागत नाही.